फूल तुमच्याकडे, कप माझ्याकडे

ड्राय लेक, सस्कॅचवान
२ एप्रिल १९७९

लोरेटाबाई,

ते फूल माझं होतं. हे आधी डोक्यात घ्या, मग बाकीचं वाचा.

मी वर्ना प्रोकोपचुक. तुमचा डर्मट दोन हिवाळे ज्या घरात जेवला, झोपला आणि ज्याच्या तळघरातून त्याच्या मोज्यांचा वास अजून जात नाही, ते घर माझं. इथं आइस हॉकीच्या बॅजर्स संघात पोरं लांबून लांबून येतात. गावातल्या बायका त्यांना घरी ठेवून घेतात, त्यांना संघ घर-आई म्हणतो. मी अकरा वर्षं घर-आई आहे. शाळा तिसरीतच सोडली, तेव्हा अक्षराला हसू नका. आपली ओळख नाही. तुमचा आवाज मी फक्त फोनवर ऐकलाय, "डर्मी आहे का?" तेवढाच. "वर्नाबाई, कशा आहात" असं दोन वर्षांत एकदा विचारलं नाहीत.

तर शनिवारी चर्चच्या खालच्या हॉलमध्ये हंगामाची बक्षिसं झाली. मी निळा ड्रेस शिवला होता. केस सेट करून आणले होते, रात्रभर उशीला टेकले नाही की मोडतील म्हणून. आमच्याकडची रीत अशी की ज्याला बक्षीस मिळतं त्याला एक पांढरं फूलही देतात, आणि ते फूल तो टेबलाशी येऊन आपल्या घर-आईच्या छातीवर लावतो. सगळा हॉल टाळ्या वाजवतो. वर्षभर चड्ड्या धुतल्या, त्याचं हे एवढंच.

माझ्याकडच्या तीन पोरांनी आजवर फूल लावलंय मला. ग्लेननं, मग त्या तांबड्या केसांच्या पोरानं, मग रॉयनं. तिघांनाही पुढच्या हंगामाआधी दुसऱ्या संघांनी उचलून नेलं, नाताळचं कार्डसुद्धा कुणी टाकलं नाही, पण फूल लावलं होतं.

कोच फेटिसनं नाव घेतलं, "सर्वोत्तम बचावपटू, डर्मट कॅरीन!" मी अर्धी उठले. पोरगं आलं, कप टेबलावर ठेवला, फूल कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि खाली बसलं. मी तशीच अर्धी उभी! काय करणार, बटाट्यांच्या वाडग्याकडे हात केला, जणू त्यासाठीच उठले होते.

समोर मिल्ड्रेड फ्रीसन. तिच्याकडच्या पोराला "सगळ्यात सभ्य खेळाडू" हे बक्षीस. ते कुणाला देतात ते इथं कुत्र्यालाही माहितेय. ज्याला बर्फावर धड उभं राहता येत नाही त्याला. पण त्यानं फूल लावलं तिला. आणि ती मला म्हणते, "वर्ना, अजून बटाटे हवेत का गं?"

नेस्टर, म्हणजे माझा नवरा, गाडीत म्हणाला, "लाजलं असेल पोरगं." लाजतंय कसलं! सहा फुटी पोरांना मैदानाकडेच्या फळकुटावर आपटतं ते. घरी आल्यावर मी तोंडावर विचारलं, "फूल कुठंय?" म्हणाला, "आईला नेतोय." म्हटलं, "आणि मी कोण?" तर हसला आणि दूध प्यायला. पुढच्या हंगामाला येणार ना, विचारलं तर म्हणे, "बघू, आई काय म्हणते." काल गाडीत बसवून दिला.

आता खरं सांगा. तुम्हीच पढवलंत ना त्याला?

वर्ना प्रोकोपचुक

*

कॅपलिन आर्म, न्यूफाउंडलंड
२४ एप्रिल १९७९

वर्नाबाई,

तुमचं पत्र अँब्रोजनं, माझ्या नवऱ्यानं, मोठ्यानं वाचलं. बटाट्यांपाशी तो हसला. मी नाही हसले.

मी त्याला काही पढवलं नाही. पढवायला फोन तरी हवा ना. आमच्या बंदरात फोन एकच, तो दुकानात, आणि बोलणाऱ्याच्या मागे अर्धं गाव मीठ घ्यायच्या निमित्तानं कान देऊन उभं असतं. तिथं "डर्मी आहे का" एवढंच हळू आवाजात म्हणून घ्यायचे. "वर्नाबाई, कशा आहात" कुठून म्हणू? आणि खरं सांगायचं तर कशा आहात ते मला ठाऊकच असायचं. पोरगं दुसरं बोलायचंच नाही. वर्नानं हे केलं, वर्ना असं म्हणाली, वर्नाच्या तळघरात इतक्या बरण्या आहेत. मला विचारायचं, "आई, आज वारा कुठला आहे?" बस्स.

आता तुम्ही काय करून पाठवलंत तेही ऐका. पहिल्या रात्री मी कॉड केला. त्यानं ताट बघितलं आणि विचारलं, "यावर आंबट साय नाही?" माशावर साय! अँब्रोजनं काटा खाली ठेवला. दुसऱ्या सकाळी न्याहारीला बसला, माझ्या पाठीकडे बघून म्हणाला, "वर्ना, दूध कुठं..." आणि थांबला. मी चुलीकडेच तोंड करून राहिले. वळलेच नाही.

तेव्हा तुमच्या अर्ध्या उभं राहण्याचं मला फार सांगू नका.

दुसरी गोष्ट. कप कुठाय? अँब्रोजनं जुन्या वल्ह्याची फळी करून रेडिओच्या वर ठोकली. सगळ्या बंदराला सांगून झालं. रोज कोणीतरी येतं, चहा पितं, रिकाम्या फळीकडे बघतं आणि "छान फळी आहे हं" म्हणून जातं. डर्मीला विचारलं तर म्हणतो, "घरी राहिला." म्हटलं, अरे घर हेच ना? तर उठून बाहेर गेला.

तुम्ही ठेवून घेतलात. दोन हिवाळे पोरगं ठेवून घेतलंत ते कमी पडलं होय? कप पाठवा.

लोरेटा कॅरीन

*

ड्राय लेक
९ मे १९७९

लोरेटाबाई,

पत्र मी तीनदा वाचलं. फुलाबद्दल एक अक्षर नाही! म्हणजे फूल पोचलं. पोचलं ना? पोचलं नसतं तर तुम्ही पहिल्या ओळीतच बोंब मारली असती.

कपाचं मात्र माझ्यावर ढकलू नका. आम्हाला तो म्हणाला, "बॅगेत घातलाय." मी त्याची बॅग उघडून बघत नाही, तसली बाई नाही मी. (मोजे काढायला उघडते तेवढंच.) तुमचं पत्र आलं तेव्हा मी नेस्टरला म्हटलं, "बघ, चोर ठरवलं मला." आणि सगळं घर उपसलं. गादी उलटी केली. कपाट ओढलं. काही नाही. मग पत्रातल्या त्या ओळीपाशी अडकले, तळघरातल्या बरण्या.

खाली गेले. बिटाच्या बरण्यांच्या अगदी मागल्या रांगेत हात घातला तर हाताला लागलं काहीतरी मऊ. संघाचा हिरवा मोजा. त्यात कप.

मागल्या रांगेला माझा हात कधी लागतो ते त्या पोराला माहितेय. नवीन बीट शिजवून बरण्या खाली आणते तेव्हा, सप्टेंबरात. म्हणजे त्यानं हिशोबानं ठेवला होता, मला सापडावा म्हणून. मी तिथंच पायरीवर बसले. नेस्टर वरून ओरडला, "पडलीस का?" म्हटलं, "नाही रे, बसलेय."

आता तो फ्रिजवर ठेवलाय. काल मिल्ड्रेडला कॉफीला बोलावलं आणि मुद्दाम फ्रिजकडे तोंड होईल अशा खुर्चीवर बसवलं. कॉफीचा दुसरा पेला घेतला नाही तिनं.

तर कप मी पाठवत नाही. पोरानं ज्याच्या घरी ठेवला त्याचा. फूल तुमच्याकडे, कप माझ्याकडे. फळीवर काहीतरी दुसरं ठेवा.

साय माशावर चालत नाही, हे मीही त्याला सांगितलं असतं. पेरोगीवर, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांवर, घालायची असते ती. तेवढ्यात माझी चूक नाही.

आणि सकाळी तो नेमकं काय म्हणाला ते परत एकदा नीट लिहून पाठवा. "वर्ना, दूध कुठं" असंच ना?

वर्ना प्रोकोपचुक

*

कॅपलिन आर्म
१ जून १९७९

वर्नाबाई,

कप ठेवा. फळीवर अँब्रोजनं घड्याळ ठेवलंय.

डर्मी बोटीवर जातो आहे. पुढच्या हंगामाला तो येईल असं धरून चालू नका. पोरगं समुद्राचं आहे, उसनं दिलं होतं, परत आलं. त्याची खोली दुसऱ्या कुणाला द्या. इतके दिवस सांभाळलंत त्याबद्दल आभारी आहे.

लोरेटा कॅरीन

*

ड्राय लेक
१९ जून १९७९

लोरेटा,

हे काय पत्र झालं? असलं पत्र बँकेतून येतं.

एप्रिलमध्ये कपासाठी माझ्या जिवावर उठली होतीस. आता "ठेवा"? आणि "आभारी आहे"? भांडणारी बाई एकदम आभार मानायला लागली की मला धडकी भरते. कप असा कुणी सोडत नाही. मी तर बटाट्याच्या वाडग्यापाशी झालेलंही अजून सोडलेलं नाही.

काय झालंय? डर्मट बरा आहे ना? त्याचा डावा गुडघा थंडीत धरतो, बोटीवर ओल असणार, त्याला आत लोकरी पट्टी बांधायला सांग. सांगितलं तर "हो हो" म्हणतो आणि बांधत नाही. उभं राहून बांधून घ्यायची.

नेस्टर म्हणतो, "तुझं काय जातंय, पोराची आई आहे ती." म्हटलं, तू गप.

खोली मी कुणाला दिलेली नाही. काय ते खरं लिही. आणि "बाई, बाई" पुरे झालं. मी आता तुला अगं-तुगं करणार, राग आला तर येऊ दे.

वर्ना

*

कॅपलिन आर्म
२२ जुलै १९७९

वर्ना,

लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा हात उचलणार नाही म्हणून एका बैठकीत लिहिते.

मेच्या शेवटी अँब्रोजचा उजवा हात जाळं ओढायच्या चक्रात गेला. हात राहिला, पण दोन बोटं वळत नाहीत. जाळं धरता येत नाही. तेव्हापासून बोटीवर बापाच्या जागी डर्मी आहे. पहाटे जातो, संध्याकाळी येतो, जेवतो, झोपतो. परत जायचं एक शब्द बोलला नाही. आणि मी विचारलं नाही. का विचारू? पोरगं घरात होतं. माझ्या चुलीपाशी, माझ्या ताटात. मला "आई" म्हणत होतं, चुकून दुसरं काही नाही. गुडघ्याला पट्टी मीच बांधते, उभं राहून.

पण तुझ्या त्या मेच्या पत्रात बरण्यांमागं, मोज्यात, कप सापडला असं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. आमच्या बंदराची रीत आहे. माणूस दूर मासेमारीला निघाला की आपला एक हातमोजा घरात लपवून जातो. सांगायचं नाही, दाखवायचं नाही. घरात वस्तू राहिली की तिला न्यायला माणसाला परत यावंच लागतं. माझ्या बापाचा हातमोजा आईनं पिठाच्या डब्यात बघितला होता, पण कधी हात लावला नाही तिनं. डर्मीनं तुझ्या तळघरात तसाच मोजा ठेवला, हाताचा नाही तर पायाचा, वर्ना. कप नव्हे. म्हणून मी तुला ते बँकेचं पत्र लिहिलं. तुला अर्थ कळू नये म्हणून.

आणि फूल. हो, आलं. वहीच्या पानासारखं चपटं होऊन आलं, पिवळं पडलेलं. मी ते आरशाच्या चौकटीत खोचलं. शेजारची कोणी आली की तिला आरशापाशीच उभी करायची. (तुझ्या फ्रिजचं वाचलं तेव्हा अँब्रोज म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच आईच्या दिसता.") मला वाटायचं, कप गेला तर गेला, भरल्या हॉलमध्ये पोरानं आईचं नाव राखलं.

गेल्या रविवारी वारा सुटला, बोट निघाली नाही. डर्मी जाळं शिवत बसला होता. मी सहज म्हटलं, "डर्मी, वर्ना अजून रागावलीय रे फुलावरून. तिलाच लावलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

खाली मान घालून म्हणाला, "आई, तिला ज्यानं ज्यानं लावलं तो परत आलाच नाही. ग्लेन, तो तांबडा, रॉय. वर्नाच सांगते जेवताना, 'मला फूल लावलं की पोरगं गेलंच समज.' तिला वाटतं ती गंमत करते. बर्फावर जायच्या आधी शकुन म्हणून डावा बूट पहिला घालणारा मी, मी कसं लावू?"

मी म्हटलं, "मग मला का आणून दिलंस?"

तर म्हणतो, "फेकून कसं देऊ? फूल आहे."

झालं. चार महिने आरशात खोचलेलं फूल. ते माझं नव्हतंच. त्याला तुझ्याकडे परत जाता यावं म्हणून ते माझ्याकडे आलं होतं. बर्फावर घसरून पडल्यावर कसं वाटतं ते मला माहीत नाही, पण असंच वाटत असेल.

तुझा मला फार राग येतो, वर्ना. पोरगं वाईट घरात असतं तर मी किती सुखी असते, असंही मनात येऊन गेलं. देव क्षमा करो.

तो माझ्या शब्दाबाहेर नाही. मी "राहा" म्हटलं तर राहील. "जा" म्हटलं तर बोटीला माणूस नाही. आणि मी दोन्हीतलं काहीच म्हणत नाही. रोज पट्टी बांधते आणि गप्प बसते.

लोरेटा

*

ड्राय लेक
५ ऑगस्ट १९७९

लोरेटा,

पत्र परवा आलं. रात्रभर मी अन् नेस्टर स्वयंपाकघरात. तो म्हणाला, "बघ, तुझ्या तोंडानं झालं हे." झालंच. तोंड माझं असंच आहे. मी ते गमतीनं म्हणायचे कारण प्रत्येक वेळी पोरगं गेलं की आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ते कुणाला सांगायचं? म्हणून हसायचं. आणि ते मूर्ख पोर सगळं खरं धरून बसलं. बटाट्याच्या वाडग्याशी मी उभी राहिले ती यासाठी! समोर असतं तर आधी एक ठेवून दिली असती, मग जेवायला वाढलं असतं.

तुझ्या नवऱ्याच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. हंसाची चरबी कोमट करून चोळ. आमच्याकडे नेस्टरचं बोट ट्रॅक्टरमध्ये गेलं होतं, त्याला उपयोग झाला. हंस मिळत नसेल तर कळव.

आता ऐक.

या पार्सलात कप आहे. मोज्यासकट. मोजा धुतलाय, मला राहवत नाही. फळीवरचं घड्याळ काढ आणि तो ठेव. बंदराला चहाला बोलाव.

मला ठाऊक आहे मी काय करतेय. तुमच्या रीतीनं आता त्याचं माझ्या घरात काही उरलं नाही. म्हणजे त्याला यायचं कारण नाही. असू दे. बरणीमागच्या कपाच्या ओढीनं कुणी यावं असं मला नको. यायचं तर आपल्या पायानं यावं, आईला सांगून, दारातून. फूल आरशातच राहू दे. ते माझं आहे, पण तुझ्याकडे राहू दे. आमच्याकडे धूळ फार.

तर तुझ्याकडे फूलही आहे आणि कपही. माझ्याकडे फ्रिजवर गोल डाग राहिलाय, बस्स. मिल्ड्रेडनं काल विचारलंच, "कप कुठं गेला गं?" म्हटलं, "पॉलिशला दिलाय." खोटं बोलले तुझ्यापायी, लक्षात ठेव.

बोटीचं असं. मासे कधी संपतात तुमच्याकडे? डर्मट म्हणायचा ऑक्टोबरच्या मध्याला. मग ऑक्टोबरच्या मध्याला येऊ दे. बापाची बोट वर ओढून ठेवून येऊ दे. कोच ओरडेल, सराव सप्टेंबरात सुरू होतो म्हणून. मी काल गेले त्याच्याकडे. म्हणाला, "वर्ना, संघ असा चालत नाही." म्हटलं, "फेटिस, अकरा हिवाळे तुझी पोरं माझ्या ताटात वाढली. एकदा सहा आठवडे तू जेवणाशिवाय काढ." हळूच हसला. म्हणाला, त्याची जागा ठेवतो, पण घर-आयांची नावं पक्की करायची आहेत, कुणाकडे कोण ते त्याला आधी कळलं पाहिजे. नाहीतर डर्मटच्या खोलीत तो विनिपेगचा एक गोलकीपर टाकणार आहे. त्याची आई मला आत्तापासून फोन करते, "त्याला कांदा चालत नाही." कांदा! माझ्या घरात!

पुढल्या वसंतात बोटीचं काय, ते वसंतात बघू. एप्रिलपर्यंत मी त्याला तुला परत पाठवते, गुडघ्यासकट. आणि मार्चच्या बक्षिसांना तू ये. निळा ड्रेस मी घालणार आहे, तू दुसरा रंग शोध. त्याला बक्षीस मिळालं तर फूल कुणाला लावायचं ते आपण तिथंच भांडू, सगळ्यांसमोर, मिल्ड्रेडला ऐकू जाईल असं.

पण आधी तू बोल. मला नाही, त्याला. हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी तो बोटीवरून आला की विचार, जायचंय का. आणि तो "बघू, आई काय म्हणते" म्हणाला तर त्याला सांग, आई विचारते आहे, उत्तर दे. पट्टी बांधत गप्प बसू नकोस.

मला शनिवारी, २५ ऑगस्टला उत्तर पाहिजे. कोच रविवारी चर्चमधून निघताना नावं घेतो. टपालाला उशीर होईल म्हणशील तर तार कर. आभार नकोत, वारा कुठला ते नको, कशा आहात तेही नको. हो की नाही, एवढाच एक शब्द. शनिवारपर्यंत.

वर्ना